ओढ्याचे आरोग्य : एका संज्ञेची चिकित्सा

'ओढ्याचे आरोग्य' ही संज्ञा जलपरीक्षणाच्या अहवालांत आता चांगलीच रुळली आहे; ती मुळात रूपक आहे, याचा मात्र बहुधा विसर पडतो. आरोग्य हे ज्याचे त्याचे असते. गाय दूध देते एवढ्यावरून ती निरोगी आहे असे कोणी म्हणत नाही. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची 'ए' ते 'ई' ही वर्गवारी ओढ्यांना लावली जाते तेव्हा नेमके हेच घडते. 'ए' वर्गात लिटरमागे विद्राव्य प्राणवायू किमान ६ मिलिग्रॅम आणि जैवरासायनिक प्राणवायूची मागणी फार तर २ मिलिग्रॅम असावी लागते. 'ई' वर्गात प्राणवायूची अटच नाही; क्षार सिंचनास चालतील इतपत असले म्हणजे पुरे. शिवाय या वर्गाच्या 'सर्वोत्तम उपयोगां'त नियंत्रित रीतीने सांडपाणी सोडणे हाही एक उपयोग मोजला आहे! 'सर्वोत्तम' या विशेषणाची इतकी ओढाताण क्वचितच झाली असेल. वर्गवारी उपयोगाची आहे आणि तेवढ्यापुरती ती योग्यही आहे. तिला आरोग्याचे मापन समजणे हा वाचणाऱ्याचा दोष होय.

अधिक गंभीर गोष्ट सांडपाण्याच्या मानकाची आहे. ब्रिटनच्या रॉयल कमिशनने १९१२ च्या आठव्या अहवालात या मागणीची २० मिलिग्रॅमची मर्यादा सुचविली, ती नदीत सांडपाण्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी मिसळेल या गृहीतावर. भारतात भूपृष्ठावरील अंतर्देशीय पाण्यात सोडावयाच्या सांडपाण्यास ३० मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा आहे. पण आठपटीचे ते गृहीत ओढ्याच्या बाबतीत कोठे टिकते? पुण्यासारख्या शहरातील ओढ्याला चैत्र-वैशाखात स्वतःचे पाणी जवळजवळ नसतेच. जे वाहते ते सांडपाणी. नियम अक्षरशः पाळला, तरी तेथील मागणी 'ए' वर्गाच्या पंधरापटीपर्यंत जाऊ शकते, आणि तरीही कोणी कसूर केलेली नसते.

जैविक पद्धती या दोषातून पुष्कळशा मुक्त आहेत. कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी १९०८-०९ मध्ये सेंद्रिय प्रदूषण सोसणाऱ्या वनस्पती-प्राण्यांची मांडणी केली. कार यांनी १९८१ मध्ये माशांच्या समूहावरून बारा निकषांचा निर्देशांक सिद्ध केला. बाटलीतले पाणी एका क्षणाची साक्ष देते. दगडाखाली कित्येक महिने काढणारी मेफ्लायची अळी साऱ्या काळाची साक्ष देते. ही साक्ष खोडून काढणे कठीण.

परंतु साक्षीदार मूळचा त्या गावचा असावा लागतो. ब्रिटिश गुणपद्धतीत स्टोनफ्लायच्या अनेक कुळांना दहापैकी दहा गुण मिळतात. ही कुळे थंड, बारमाही प्रवाहांची. दक्षिण भारतात त्यांपैकी मोजकीच आढळतात. दख्खनच्या बेसाल्टावरील कित्येक ओढे तर माघापर्यंत कोरडे पडतात. असा ओढा त्या मापाने नेहमीच रोगी ठरणार. कोरडे पडणे हा त्याचा ऋतुक्रम आहे, व्याधी नव्हे. उलट, तोच ओढा मे महिन्यात भरून वाहू लागला तर वैद्याने सावध व्हावे.

शब्दांचाही यात वाटा आहे. मराठीत ओढा, ओहोळ, वहाळ, पऱ्या असे भेद जिवंत असताना नागरी दप्तरांत ते सारे 'नाला' या एका शब्दात जमा होतात, आणि शहरी बोलीत 'नाला' म्हणजे घाण पाणी वाहून नेणारा चर. चराचे आरोग्य तपासण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. त्याची सफाई होते, त्याला भिंती घालतात. कात्रजकडून मुठेस मिळणारा आंबिल ओढा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पात्राबाहेर आला, तेव्हा पात्राची रुंदी आणि पूररेषा यांची चर्चा पुष्कळ झाली. पण भिंतींनी आवळलेल्या पात्रात तळाचे दगड, काठची झाडे आणि त्यांवर जगणारे जीव शिल्लक किती, हा प्रश्न आरोग्याच्या परीक्षणातच यावयास हवा.

तेव्हा तुलना करावयाची ती परदेशी कोष्टकाशी नव्हे, तर त्याच खोऱ्यातील, त्याच खडकावरील, कमीत कमी बिघडलेल्या ओढ्याशी; आणि तीही पाऊस ओसरल्यानंतरच्या त्याच आठवड्यांत, दोन्ही वाहते असताना. मात्र असा ओढा शहराच्या जवळपास शोधावयाचा म्हटले, तर तो दरवर्षी थोडा अधिक दूर जाऊनच शोधावा लागेल.