फासा कुणाच्या हातात? : स्पिरिट नागा आणि नळराजा

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की आम्ही वाट चुकलो. 'स्पिरिट नागा' हा एका खेळातला राक्षस, आणि आमचं आयुष्य गेलं तत्त्वज्ञान शिकवण्यात. पण इच्छास्वातंत्र्याचा जो प्रश्न आम्ही वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर मांडत आलो, तो हा राक्षस खेळणाऱ्यांच्या अंगावर सोडतो. म्हणून त्याचं परीक्षण करायचं. ग्रंथाचं करतो तसंच, गुणदोषांसकट.

आधी खेळ समजून घेऊ. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत आला; गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाकडे एक पात्र असतं : कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. एक जण सूत्रधार, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. तो प्रसंग उभा करतो आणि विचारतो, "आता तू काय करतोस?" खेळाडू सांगतो, मग गरज असेल तिथे फासा पडतो. सगळा डोलारा या एका प्रश्नावर उभा आहे, हे लक्षात ठेवा.

१९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये नागांच्या तीन जाती आल्या : राखणदार नाग, पाण्यातला नाग आणि हा दुष्ट स्पिरिट नागा. मोहिनी हे त्याचं जुनं हत्यार. २०१४च्या आवृत्तीत तो पुरता मांत्रिक झाला आहे. त्याची जीवनशक्ती ७५ गुणांची. मारला तरी एक ते सहा दिवसांत पुन्हा जिवंत होतो. आणि त्याच्याकडे मनावर चालणारे दोन मंत्र आहेत : 'चार्म पर्सन' आणि 'डॉमिनेट पर्सन'. आमचा सगळा रस या दोघांतल्या फरकात आहे.

डॉमिनेट म्हणजे सरळ ताबा. ड्रॅगननं जाळलं तर तुमचे गुण कमी होतात, पण "आता तू काय करतोस?" हा प्रश्न तुमच्यापाशी राहतो. हा नाग प्रश्नच काढून घेतो. सूत्रधार सांगतो, "तू मित्रावर तलवार उपसलीस," आणि खेळाडू नुसता बघत बसतो. पुष्कळ खेळाडूंना हे आवडत नाही, आणि त्यांची तक्रार आम्हाला रास्त वाटते. त्यांच्या मालकीचं एकच होतं, निर्णय, तोच गेला.

मात्र नियम करणाऱ्यांनी दार थोडं उघडं ठेवलं आहे. वीस बाजूंच्या फाशावर, शहाणपणाचा अधिक-उणा धरून, १४ किंवा जास्त आलं तर पात्र निसटतं. अधिक-उणा शून्य असेल तर वीसातले सात आकडे, म्हणजे ३५ टक्के संधी. शिवाय पछाडलेल्याला इजा झाली की प्रत्येक वेळी फासा पुन्हा टाकता येतो. म्हणजे मित्राचा घाव तुम्हाला जागं करू शकतो! इतकी अर्थपूर्ण गोष्ट नियमांच्या एका ओळीत येऊन जाते.

ॲरिस्टॉटलनं सांगून ठेवलंय, की ज्या कृतीचं कारण बाहेर आहे आणि कर्त्यानं तीत काहीच घातलेलं नाही, जसं वाऱ्यानं माणसाला उडवून नेलं, ती कृती त्याची नव्हे. डॉमिनेट या व्याख्येत चपखल बसतो. कुणी दोष देणार नाही.

चार्म बसत नाही, आणि म्हणून तो जास्त भयंकर. त्यात नाग तुमचे हातपाय हलवत नाही. तो फक्त तुम्हाला मित्र वाटू लागतो. पुढचा विचार तुम्ही करता, त्याची बाजू तुम्ही घेता, गुपित तुम्ही सांगता. कारणं तुमची, तोंड तुमचं. पेरलेली मैत्री तेवढी परक्याची. आणि नियम म्हणतो, मंत्र सरला की भारलेल्याला कळतं, आपल्यावर प्रयोग झाला होता. खरं नाट्य इथून सुरू व्हायचं. पण नियम इथंच थांबतो. मंत्र किती वेळ टिकेल ते सांगतो. उतरल्यावर सोबत्यांच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा, ते सांगत नाही. या राक्षसातली आमच्या मते मोठी उणीव ती.

आता हा 'नाग' मुळात आपल्याकडचा. साप डूख धरतो असं आपण म्हणतो. खेळातला नागही सूड उगवायला टपलेला असतो, तेवढं साम्य आहे. पण महाभारतातल्या एका कथेत मन पछाडणारा कुणी वेगळाच आहे, आणि नाग नेमका उलट बाजूला उभा आहे.

वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नळाची कथा सांगतात. द्यूतात हरलेल्याला द्यूतात हरलेल्याची कथा! कली नळावर टपून बसतो. बाराव्या वर्षी नळ लघुशंकेनंतर पाय न धुता संध्येला बसतो, आणि तेवढ्या फटीतून कली आत शिरतो. नळ भाऊ पुष्कराशी खेळतो, राज्य हरतो, अरण्यात झोपलेल्या दमयंतीला सोडून जातो. पुढे वणव्यातून तो कर्कोटक नागाला वाचवतो, आणि नाग त्यालाच डसतो. नळ कुरूप होतो, पण ते विष जळतं आतल्या कलीला. ऋतुपर्णाकडून फाशांचं मर्म, अक्षहृदय, शिकल्यावर कली ते विष ओकत बाहेर पडतो. म्हणजे इथे नाग हा उतारा आहे. तोही एका फाशात उतरत नाही; विष सोसावं लागतं, विद्या शिकावी लागते.

पुढचा भाग अधिक मोलाचा. नळ दमयंतीला म्हणतो, राज्य गेलं ते माझ्या हातून नव्हे, कलीनं केलं. सोयीची सबब वाटते ना? पण दमयंतीनं त्याला तसाच पदरात घेतलेला नाही. दासी पाठवून, त्याच्या हातचं अन्न चाखून, मुलं समोर धाडून तिनं आधी पारख केली आहे. आणि नळ पुष्कराकडून राज्य परत जिंकतो, तेव्हा तीच सबब शत्रूलाही देतो : तेव्हा मला जिंकलंस ते तुझं कर्म नव्हे, कलीचं. त्याचा वाटा देऊन त्याला सन्मानानं घरी पाठवतो. स्वतःसाठी वापरलेली सूट जो दुसऱ्याला देतो, त्याचीच सूट खरी मानावी, असं आम्हाला वाटतं. आपलं चुकलं तर परिस्थिती आणि दुसऱ्याचं चुकलं तर स्वभाव, हा हिशेब आपण रोज मांडतो. त्याला इथे उत्तर आहे.

तेव्हा हा खेळ चालवणाऱ्या तरुण मित्रांना आमची एक सूचना. नाग जरूर आणा, पण मंत्र उतरल्याबरोबर पुढच्या लढाईकडे पळू नका. थोडं थांबा. जो भारला गेला होता त्याला विचारा, "आता तू काय करतोस?" आणि ज्याच्यावर त्यानं तलवार उपसली, त्यालाही तेच विचारा.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ या.