दूरस्थ वेधसामग्री आणि अभ्यासकाचा अधिकार

वैज्ञानिकाला दूर अंतरावरून वेधसामग्री व संगणनशक्ती उपलब्ध करून देण्याचा विचार बहुधा सोयीच्या दृष्टीने केला जातो. प्रवास वाचतो, खर्च वाटला जातो, वेळेची बचत होते. हे लाभ निर्विवाद आहेत. तथापि अशा व्यवस्थेचे मूल्यमापन करण्यास सोय हा निकष पुरेसा नाही. तिच्यामुळे अभ्यासकाला केवळ तयार उत्तरे मिळतात, की ती उत्तरे तपासून पाहण्याचा अधिकारही मिळतो, हा खरा प्रश्न होय. खगोलशास्त्रातील दोन उदाहरणांवरून त्याची चर्चा करता येईल.

पहिले उदाहरण 'स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे'चे. न्यू मेक्सिकोतील अपाचे पॉइंट येथील २.५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने घेतलेल्या वेधांचा पहिला भाग २००१ साली 'स्कायसर्व्हर' या संग्रहाद्वारे सर्वांस खुला झाला. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे व खगोलशास्त्रज्ञ अलेक्झांडर सालाय यांनी संग्रहाची रचना करताना खगोलशास्त्रज्ञांना विचारावेसे वाटतील असे २० प्रश्न समोर ठेवले आणि त्यांची उत्तरे देऊ शकेल अशी मांडणी केली. सामग्री गणनेकडे नेण्यापेक्षा गणना सामग्रीकडे न्यावी, हे ग्रे यांचे सूत्र. पुढे 'कॅसजॉब्स' या सोयीमुळे अभ्यासकाची पृच्छा संग्रहाच्याच यंत्रावर चालू लागली आणि तिचे फळही तेथेच त्याच्या स्वतंत्र कप्प्यात राहू लागले. टेराबाइटांनी मोजावयाचा संग्रह घरी आणण्याचे कारण उरले नाही.

या रचनेची थोरवी मान्य करूनही एक मर्यादा नोंदविली पाहिजे. पृच्छेला उत्तर देते ते कोष्टक. कोणता ठिपका तारा आणि कोणता दीर्घिका, आकाशाची पार्श्वप्रभा किती वजा करावी, हे निर्णय कोष्टक तयार होण्यापूर्वीच झालेले असतात. मूळ प्रतिमाही खुल्या आहेत हे खरे. परंतु वाट जितकी सुलभ, तितका त्या निर्णयांचा विसर पडण्याचा संभव अधिक.

निर्णय पुन्हा घेता येणे किती मोलाचे असते, हे दुसऱ्या उदाहरणावरून दिसते. नारायणगावजवळील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची 'जीएमआरटी' ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या साहाय्याने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झ वारंवारतेवर आकाशाचे सर्वेक्षण झाले. या वारंवारतेच्या लहरींत आयनांबरामुळे येणारी विकृती दिशेगणिक बदलते. त्यामुळे वेधांचे शोधन अवघड असते. संग्रहातील त्याच मूळ नोंदी घेऊन हुइब इंटेमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्र पद्धतीने त्यांचे शोधन केले आणि २०१७ साली आकाशाच्या सुमारे ९० टक्के भागाचे नकाशे व ६.२ लाख रेडिओस्रोतांची सूची प्रसिद्ध केली. दुर्बीण तीच, वेध तेच; नवी होती ती त्यांवरील प्रक्रिया. मूळ नोंदी जपल्या नसत्या, तर हे कार्य संभवलेच नसते.

परंतु येथेही उत्साहाला आवर घातला पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही अशा नोंदी मिळू शकतात. मात्र त्यांच्या शोधनास लागणारे संगणक, आज्ञावली व दीर्घ सराव त्याला त्यांच्याबरोबर मिळत नाहीत. पोथी हाती आली, अर्थ लावण्याची परंपरा दूरच राहिली, अशी त्याची अवस्था होते. कोष्टकाने सोय दिली पण निर्णय झाकले; मूळ नोंदींनी निर्णय मोकळे केले पण सोय दिली नाही.

म्हणून प्रवेश 'खुला' आहे एवढ्यावर समाधान मानणे योग्य नव्हे. मूळ नोंदी, त्यांवरील प्रत्येक संस्काराची लेखी हकीकत आणि सामग्रीच्या सान्निध्यात पुरेसा संगणनकाळ, ही तिन्ही एकत्र मिळतील तेव्हाच त्या शब्दाला अर्थ येईल. त्यांची तरतूद करणे संग्रहचालकांचे काम होय. अध्यापकांच्या हाती मात्र एक गोष्ट आजही आहे. कोष्टकावर आधारलेला प्रबंध स्वीकारताना त्यातील निदान एका ओळीचा माग मूळ प्रतिमेपर्यंत काढून दाखविण्यास विद्यार्थ्याला सांगावे. त्याला संगणकापेक्षा चिकाटीच अधिक लागेल.