पाली : मराठी वाचकाची परभाषा

पाली भाषा मराठी माणसाला सहज येते, असा समज आपल्या विहारांतून आणि पालीच्या वर्गांतूनही रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे; उरलेल्या अर्ध्याने धम्माच्या आकलनात बरेच घोटाळे केले आहेत.

कर्जत तालुक्यातील कोंडाणे लेण्यात एक ओळीचा ब्राह्मी शिलालेख आहे : ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं’. कण्हाचा शिष्य बलक याने केले, असा त्याचा अर्थ. भाषा पालीला जवळची प्राकृत. अक्षरे लावून दिली की ‘कण्ह’ म्हणजे कान्हा आणि ‘कतं’ म्हणजे केलं, हे तेथील शाळकरी मुलालाही उमगते. अडते ते ‘अंतेवासिना’पाशी. मराठी कान तेथे ‘अंत’ म्हणजे शेवट ऐकतो. वास्तविक अर्थ आहे गुरूच्या सन्निध राहणारा.

पंचस्कंधांच्या बाबतीत हा धोका फार वाढतो. आपल्या भाषांतरांत रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान हे पाच शब्द बहुधा तसेच ठेवलेले असतात. आता वर्षावासात कर्जत-खालापूरकडील एखाद्या विहारात वाचन ऐकणाऱ्या उपासकाचा विचार करावा. त्याच्या मराठीत रूप म्हणजे सौंदर्य, वेदना म्हणजे दुखणे, संज्ञा म्हणजे पारिभाषिक शब्द, संस्कार म्हणजे आईबापांचे वळण किंवा, त्याहून वाईट, भटजीचा विधी. आणि विज्ञान म्हणजे प्रयोगशाळेतील शास्त्र. पाचही शब्द ओळखीचे, पाचही अर्थ चुकीचे! वेदना सुखद, दुःखद आणि सुखदुःखरहित अशी तीन प्रकारची असते, हे तथागतांचे विवेचन त्याच्या कानी केवळ विसंगत ठरते. इंग्रजी वाचकाला ‘फीलिंग’, ‘कॉन्शसनेस’ असे निराळे शब्द मिळतात, म्हणून तो या एका ठिकाणी तरी आपल्यापेक्षा सुरक्षित आहे.

धर्मानंद कोसंबी संस्कृत शिकून 1902 साली सिंहलद्वीपाला गेले आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे पाली शिकले. संस्कृत जाणणाऱ्या माणसालाही पालीसाठी समुद्र ओलांडावा लागला, ही गोष्ट आपण गौरवाने सांगतो, परंतु तिचा बोध घेत नाही. आपले वर्ग अजूनही पाली शब्दाशेजारी संस्कृत रूप लिहून पुढे सरकतात. ध्वनी बदलला की अर्थ समजला, असे मानले जाते.

बाबासाहेबांनी ‘धर्म’ न लिहिता ‘धम्म’ लिहिले. त्यामुळे वाचक थबकतो, आणि या शब्दात निराळे काय आहे ते विचारतो. पाली व्याकरण व शब्दकोशाचे त्यांचे काम महाराष्ट्र शासनाने 1998 साली सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. त्यात मराठी अर्थही आहेत. भाषांतरकारांनी तो खंड हाताशी ठेवण्यास हरकत नसावी.

विञ्ञाणासाठी ‘जाणीव’, सञ्ञेसाठी ‘ओळख’ हे साधे शब्द चालतील, असे मला वाटते. वेदनेसाठी ‘संवेदन’ काहीसे पुस्तकी आहे, तरी दिशाभूल करीत नाही. ‘सङ्खार’ मात्र मराठीत बसत नाही. तो पाली रूपातच ठेवावा आणि प्रत्येक वेळी समजावून सांगावा.