लढणाऱ्यानेच लिहिलेला इतिहास कसा वाचायचा?

लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना आपण लेखकाचं नाव आणि साल टाकतो आणि पुढे जातो. त्या घटनेत लेखक स्वतः कुठे होता, हे फारसं कोणी विचारत नाही. आज त्याचं एक उदाहरण पाहू. उदाहरण नौदलाचं आहे. बार्शीटाकळीत पाणी म्हटलं की महानचं धरणच आठवतं, हे मान्य. पण इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं मिळालं नाही.

मुंबईत मुख्यालय असलेल्या पश्चिम नौदल कमांडचा 1971 च्या युद्धातला इतिहास शोधला, की दोन पुस्तकं हाती येतात. 'वी डेअर्ड' (1989) लिहिलं ॲडमिरल एस. एन. कोहली यांनी, युद्धात तेच या कमांडचे प्रमुख होते. 'ट्रान्झिशन टू ट्रायम्फ' हा 1965 ते 1975 चा अधिकृत इतिहास व्हाइस ॲडमिरल जी. एम. हिरानंदानी यांचा, ते तेव्हा पश्चिमी ताफ्याचे फ्लीट ऑपरेशन्स ऑफिसर होते. प्रयोग ज्याचा, परीक्षकाचा रिपोर्टही त्याचाच!

मग ही पुस्तकं बाद करायची का? अजिबात नाही. कराचीवरच्या हल्ल्याचं वर्णन कोणीही अभिमानानेच करणार. कसोटी लागते 9 डिसेंबरच्या रात्री. दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी हंगोरने आयएनएस खुकरी बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघालेच नाहीत. हिरानंदानी हे प्रकरण झाकत नाहीत. सुधारित सोनारची चाचणी चालू होती, त्यासाठी वेग कमी ठेवला होता, हे ते मांडतात. अधिकृत इतिहासात एवढं येणं मला मोठं वाटतं.

कोहलींचं मात्र जरा जपून वाचा. खुकरी आणि किरपाण या फ्रिगेट पाणबुडीच्या शोधात पाठवल्या त्यांच्याच कमांडने. तिथे ते इतिहासकार नाहीत, निर्णय घेणारी बाजू आहेत. नोट्स काढताना तसंच लिहा. हंगोरचे कमांडर अहमद तस्नीम यांचं कथनही त्याच रकान्यात जाईल.

दोन्ही पुस्तकांबद्दल माझी खरी तक्रार वेगळी आहे. समुद्र वरिष्ठांच्या नजरेतून दिसतो, ते 176 जण आकडा होऊन राहतात. त्यासाठी मेजर जनरल इयान कार्डोझो यांचं 'द सिंकिंग ऑफ आयएनएस खुकरी' (2006) घ्या. लेखक लष्करातले, आणि बोलतात ते वाचलेले लोक. फक्त तिथे अडचण दुसरी: आठवणी 35 वर्षांनंतरच्या आहेत.