फगवा, पोस्त आणि तिकीट

लोकोत्सव आणि प्रवासी यांच्या संबंधाची चर्चा आपल्याकडे बहुधा तक्रारीच्या सुरातच होते. उत्सव पूर्वीसारखा अस्सल राहिला नाही, तो 'दाखविण्याचा' झाला, ही ती तक्रार. ती जितकी प्रचलित आहे तितकी तपासून पाहिली गेलेली नाही. कोणत्या क्षणी उत्सव अस्सल होता आणि तो कोणी मोजला, हे विचारले की तक्रार करणारा गोंधळतो. कारण लोकोत्सव हा मुळातच दर वर्षी थोडा बदलणारा, नवे वाद्य आणि नवे कापड सहज स्वीकारणारा प्रकार आहे. तेव्हा अस्सलपणाची कसोटी बाजूला ठेवून दुसराच प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते : उत्सवाला आलेल्या परक्या माणसाकडे उत्सव काय मागतो? मेळघाटातील कोरकूंची होळी आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील शिमगा या दोन फाल्गुनोत्सवांना हा प्रश्न लावून पाहिला असता, सुट्टीतील कुटुंबांसाठी आखलेल्या 'सांस्कृतिक कार्यक्रमां'मध्ये नेमके काय गळून पडते हे स्पष्ट होते.

धारणी हे अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे, तापीच्या खोऱ्याकडे उतरणारे तालुक्याचे गाव. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल असा घाटरस्ता ओलांडून तेथे पोचावे लागते आणि पुढे मध्यप्रदेशाची सीमा लागते. या प्रदेशातील बहुसंख्य कोरकूंची भाषा मराठीच्या कुळातली नाही, शेजारच्या गोंडीच्याही नाही. ती मुंडा कुळातील, आणि त्या कुळातील सर्वांत पश्चिमेकडची. 'कोरकू' या शब्दाचा अर्थ 'माणसे' एवढाच. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. होळीच्या दिवसांत येथे जे नृत्य होते त्याला 'गादली-सुसून' म्हणतात. त्यातील 'सुसून' हा नाचण्याचा वाचक शब्द शेकडो मैल दूर छोटा नागपूरच्या मुंडारीतही त्याच अर्थाने आढळतो. पर्यटकांपुढे निवेदक जेव्हा 'आता सादर होत आहे कोरकू नृत्य' एवढेच सांगतो, तेव्हा भाषेच्या इतिहासातला एवढा मोठा दुवा तो एका विशेषणात गुंडाळून टाकीत असतो. पण हा दोष दुय्यम आहे.

मुख्य गोष्ट फगव्याची. कोरकूंच्या वर्षात होळीइतका मोठा सण नाही. हरभरा-गव्हाच्या सोंगणीला वऱ्हाडच्या सपाटीवर किंवा आणखी दूर मजुरीला गेलेली कुटुंबे होळीपूर्वी गावी परततात. त्या आधीच्या आठवडी बाजारांत नव्या कपड्यांची आणि साजशृंगाराची खरेदी होते. होळी पेटल्यानंतरचे दिवस फगव्याचे. बायका, पोरे, ढोलकी व बासरी घेतलेले पुरुष यांचे जथे बाजारात दुकानांपुढे नाचतात, आणि रस्त्यावर येणारी-जाणारी वाहने अडवून फगवा मागतात. आडवा बांबू किंवा दोर, त्यामागे हसणाऱ्या बायकांची फळी, आणि थांबलेल्या मोटारीतील चकित मंडळी, असे हे दृश्य या रस्त्याच्या प्रवाशाला परिचित आहे. पैसे दिले की वाट मोकळी होते. जमलेली रक्कम समाईक खर्चात जाते. परक्याला यात एक क्षणभर अडथळा वाटतो, थोडी भीतीही वाटते; पण ही भीक नव्हे आणि खंडणीही नव्हे. भिकारी वाट अडवीत नाही, खंडणी घेणारा नाचत नाही. मागणाऱ्याचा हक्क सणाने दिलेला आहे, आणि तो हक्क वर्षाच्या या पाच दिवसांपुरताच आहे. उरलेले वर्षभर ज्यांनी मजुरी मागायची, ज्यांनी कचेरीच्या दारात उभे राहायचे, तेच या दिवसांत दुकानदाराला आणि मोटारवाल्याला थांबवतात. रस्त्यावरील परक्याला उत्सवात अशा रीतीने जागा मिळते : तो देणारा होतो. मोटारीतील लहान मुलाने खिडकीतून हात काढून नाणे दिले, तर तेही त्या क्षणी सणातले एक माणूस असते.

किनाऱ्यावरच्या मराठीत याच संबंधाला एक जुना शब्द आहे : पोस्त. शिमग्याला जे मागायचे आणि जे द्यायचे ते पोस्त. रत्नागिरी जिल्ह्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. ओटी भरली जाते, नवस बोलले व फेडले जातात. नमन-खेळ्यांचे मेळे, संकासुर आणि गोमू यांसह अंगणात उतरतात आणि यजमानाकडून आपले पोस्त घेऊन जातात. मेळघाटातला मजूर जसा होळीला परततो तसाच मुंबईचा चाकरमानी शिमग्याला परततो. एक डोंगराळ जंगलात, दुसरा समुद्राकाठी; एकाची भाषा मुंडा, दुसऱ्याची कोकणी वळणाची मराठी; पण दोन्हीकडे सणाची घडी सारखी आहे. बाहेर गेलेल्याने परत यावे, आलेल्याने द्यावे, आणि ज्याच्या दारी सण येतो त्याने नुसते पाहत उभे राहू नये. हे साम्य एका मुळातून आले असे म्हणण्यास आधार नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. पोट भरण्यासाठी गाव सोडावे लागणाऱ्या समाजांना परतण्याची एक ठरलेली तिथी लागते, एवढे कारण पुरेसे आहे.

आता या उत्सवापुढे सुट्टीतील कुटुंब उभे करून पाहावे. पहिली अडचण येते ती पंचांगाची, आणि ती कोणाच्याही नजरेतून सुटावी इतकी साधी आहे. फाल्गुन पौर्णिमा येते मार्चमध्ये किंवा फेब्रुवारीच्या अखेरीस. म्हणजे वार्षिक परीक्षांच्या ऐन तोंडावर. शाळकरी मुले असलेले मध्यमवर्गीय कुटुंब त्या वेळी ना धारणीला जाऊ शकते, ना गुहागरला. त्याची सुट्टी मे महिन्यात आणि दिवाळीत. चिखलदऱ्याची मोठी गर्दी तर पावसाळ्यातील धुक्यासाठी. म्हणून उत्सवालाच सुट्टीकडे यावे लागते. विश्रामगृहाच्या आवारात किंवा महोत्सवाच्या मंचावर, रात्रीच्या जेवणापूर्वी, पाऊण तासाचे गादली-सुसून होते. नर्तक तेच असतात, ढोलकी तीच असते. पोशाख तर अधिकच नीटनेटका असतो. नाहीशी झालेली असते ती तिथी. आणि तिथीबरोबर मागण्याचा हक्क नाहीसा होतो, कारण तो हक्क त्या पाच दिवसांचाच होता. मे महिन्यात रस्त्यावर बांबू आडवा धरला तर तो गुन्हा ठरेल.

दुसरा बदल जागेचा. गावच्या अंगणात बायका हातात हात गुंफून अर्धवर्तुळ धरतात आणि वादक त्यांच्या समोर फिरते राहतात. या रचनेला दर्शनी बाजू नाही. कोठूनही पाहिले तरी कोणाची तरी पाठ दिसते, आणि जो कंटाळतो किंवा ज्याला उत्साह येतो तो ओळीत शिरतो. मंचाला मात्र एकच दर्शनी बाजू असते. अर्धवर्तुळ उघडून त्याची सरळ रांग होते, चेहरे खुर्च्यांकडे वळतात, आणि एकमेकींकडे पाहून जो ताल धरला जात होता तो आता समोरच्या अंधाराकडे पाहून धरावा लागतो. हे नृत्याच्या आशयात घडलेले परिवर्तन आहे. त्याला केवळ मांडणीतील सोय म्हणून सोडून देता येत नाही.

अशा कार्यक्रमांच्या जाहिरातींत 'सहकुटुंब' हा शब्द आवर्जून असतो. तो शब्द मराठीत नवा नाही. लग्नपत्रिकेतील 'सहकुटुंब सहपरिवार' या आमंत्रणात एक बंधन गृहीत आहे : येणाऱ्याने आहेर आणावा, यजमानाने पंगत मांडावी, आणि पुढच्या वेळी भूमिका उलटाव्या. पर्यटनाच्या जाहिरातीत तोच शब्द 'निर्धास्तपणे येण्याजोगा' एवढ्याच अर्थाने उरतो. कुटुंबाला त्रास होईल असे काही तेथे नसेल, हे ते आश्वासन आहे. शिमग्यातील बोंब, ग्राम्य शब्द, मोहाच्या दारूचा वास, रात्रभराचे जागरण, ही सारी त्यात वगळली जातात. वगळणे अनेक ठिकाणी योग्यही असेल. शिमग्याच्या शिव्यांत स्त्रीची जी विटंबना होते तिचे समर्थन परंपरेच्या नावाने करण्याचे कारण नाही. परंतु गंमत अशी की ज्या सणाला 'कौटुंबिक' करण्यासाठी ही छाटणी होते, तो आधीपासून कुटुंबांचाच सण होता. कोरकू आईच्या पाठीवर झोळीत झोपलेले मूल आणि पालखीखालून नेले जाणारे कोकणातले तान्हे यांच्यासाठी कोणी वेगळा कार्यक्रम आखलेला नव्हता.

गोव्याचे उदाहरण या बाबतीत अधिक बोलके आहे, कारण तेथे पर्यटनाचा दाब कितीतरी मोठा आहे. गावोगावचा शिगमो 'मांडा'वर होतो. मांड ही नुसती मोकळी जागा नव्हे. तेथे नमन होते, तेथे पादत्राणे घालून जाता येत नाही, आणि तेथून मेळ कोणाच्या अंगणात कोणत्या क्रमाने जाईल हे ठरलेले असते. शहरांतून मात्र सरकारच्या पर्यटन खात्याच्या आश्रयाने चित्ररथांची मिरवणूक निघते. एकेका संध्याकाळी एकेका शहरात, म्हणजे एकाच मिरवणुकीतील पथकांना अनेक ठिकाणी जाता येते. रोमटामेळ, लोकनृत्य, चित्ररथ अशा गटवारीने बक्षिसे असतात. परीक्षकांच्या मंचापुढे आले की पथक थबकते आणि पूर्ण जोमाने खेळते, पुढे जाताना पुन्हा सैल पडते. यजमानाच्या अंगणाची जागा परीक्षकांच्या मंचाने घेतली आहे. गुण देणाऱ्याकडे पोस्त मागता येत नाही.

तथापि या मिरवणुकीला केवळ ऱ्हासाचे लक्षण म्हणून निकालात काढणे चूक ठरेल. मिरवणुकीत उतरलेली अनेक पथके आपल्या गावच्या मांडावरही खेळतात. बक्षिसाच्या पैशांतून ढोल-ताशे येतात. आणि शहरात वाढलेल्या तरुणांना पथकात शिरण्याची वाट मिळते. मांड आणि मिरवणूक ही एकाच माणसाची दोन कामे होऊ शकतात. प्रश्न उरतो तो मांड नसलेल्या ठिकाणचा : जेथे मिरवणूकच एकमेव खेळ होऊन बसते.

पाश्चात्त्य समाजशास्त्रातील या विषयावरील विवेचन येथे कितपत उपयोगी पडते, हेही पाहिले पाहिजे. डीन मॅक्कॅनेल यांनी १९७३ मध्ये, गॉफमन यांचा 'पुढची बाजू' आणि 'मागची बाजू' हा भेद घेऊन, प्रवासी नेहमी मागच्या बाजूच्या शोधात असतो आणि यजमान त्याला मागची बाजू म्हणून सजविलेली पुढचीच बाजू दाखवितात, असे प्रतिपादन केले. (त्याच वर्षी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश झाला, या प्रदेशातील पर्यटनाची आजची घडण त्यानंतरची आहे.) विश्रामगृहातील नृत्याला हे विवेचन चपखल लागू पडते. फगव्याला मात्र ते मुळीच लागू पडत नाही. तेथे प्रवासी कोणाच्या घरात डोकावत नाही. घरचेच लोक रस्त्यावर येऊन त्याला गाठतात. शोध घेणारा प्रवासी आणि लपविणारा यजमान हे जे जोडपे या सिद्धांताने गृहीत धरले, ते या रस्त्यावर उलटे झालेले आहे.

डेव्हिड ग्रीनवूड यांचा अनुभव अधिक शिकविणारा आहे. स्पेनमधील बास्क किनाऱ्यावरच्या फुएन्तेराबिया या सुट्टीच्या गावी १६३८ च्या वेढ्यातून सुटका झाल्याच्या स्मरणार्थ 'आलार्दे' नावाचा संचलनोत्सव होतो. बाहेरच्या प्रेक्षकांना नीट पाहता यावे म्हणून १९६९ मध्ये नगरपालिकेने तो एकाच दिवशी दोनदा करण्याचा निर्णय घेतला. लोकांचा उत्साह ओसरला, भाग घेण्यास माणसे मिळेनात. संस्कृती तोलून विकली की ती मरते, असा निष्कर्ष ग्रीनवूड यांनी १९७७ च्या निबंधात काढला. निबंध ज्या संग्रहात आला त्याचे नाव 'यजमान आणि पाहुणे'. परंतु १९८९ मधील दुसऱ्या आवृत्तीत त्याच निबंधाला जोडलेल्या उपसंहारात त्यांनी आपला स्वर खाली आणला. आलार्देला दरम्यान बास्क राजकारणात नवा अर्थ आला होता. पुढे स्त्रियांनी संचलनात सामील होण्याचा हक्क मागितला आणि गावात तीव्र वाद पेटला. मेलेल्या उत्सवावर कोणी भांडत नाही. ग्रीनवूड यांच्या पहिल्या निष्कर्षातील घाई आपल्याकडील तक्रारखोर लेखनातही दिसते, आणि उपसंहार लिहिण्याचा त्यांचा प्रामाणिकपणा मात्र क्वचितच.

मेळघाटच्या बाबतीत ही घाई विशेष घातक आहे. १९९० नंतरच्या दशकापासून मेळघाट हे नाव वृत्तपत्रांत बालमृत्यूंच्या संदर्भात गाजले. त्या प्रदेशातील स्त्रियांनी एका संध्याकाळच्या नाचाची बिदागी घेऊ नये, कारण त्याने नृत्याचे पावित्र्य भंगते, असे दूरच्या अभ्यासकाने सांगणे शोभत नाही. बिदागी घेणे गैर नाही. तपासायचे ते असे : ती रक्कम कोण ठरवितो? मागते कोण? ती नर्तकींच्या हाती पडते की मध्यस्थाच्या? गाणे कशाविषयी आहे हे सांगण्यासाठी कोरकू बोलणारा निवेदक असतो का? नर्तकींना समोरच्या मुलांना ओळीत ओढण्याची मुभा असते, की अंतर राखण्याची सूचना? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण फगव्यात परक्याला जी जागा मिळत होती तिच्याशी मिळतीजुळती जागा मंचाच्या आवारात मिळालीच, तर ती तेथेच मिळेल. आजवरच्या लेखनात या प्रश्नांची नोंद अभावानेच सापडते. पोशाखाची, दागिन्यांची आणि पदन्यासाची वर्णने मात्र विपुल आहेत.

या नोंदी घ्यायच्या तर दोन वेळा निवडाव्या लागतील. एक होळीनंतरच्या पाच दिवसांची, धारणीच्या बाजारातली आणि हरिसालच्या रस्त्यावरची. दुसरी मे महिन्याची. परीक्षा संपवून शहरांतील कुटुंबे तेव्हा वर येतात. आणि मेळघाटच्या प्रादेशिक वनांत तेच दिवस तेंदूपत्त्याच्या हंगामाचे असतात. पहाटे अंधारात जंगलात शिरून पाने तोडायची, दुपारी त्यांच्या जुड्या बांधायच्या, फळीवर नेऊन मोजून द्यायच्या, आणि संध्याकाळी बोलावणे असेल तर नाचाचे लुगडे नेसून गाडीत बसायचे, असा त्या दिवसांतील कोरकू बाईचा दिवस.