रामदास नेमके कोणते? नवे तालिका-नियम आणि मराठी ग्रंथालय

मंडळी, आजचा विषय कळल्यावर एकानं मला विचारलं, "सर, कॅटलॉगचे नियम बदलताहेत, त्यात तत्त्वज्ञानाच्या माणसानं बोलावं असं काय आहे? ते ग्रंथपालांचं काम." काम त्यांचंच आहे, हे मान्य. पण या नियमांच्या मुळाशी दोन प्रश्न आहेत: 'तोच ग्रंथ' कशाला म्हणायचं, आणि ग्रंथाचा कर्ता कोणाला म्हणायचं. हे दोन्ही प्रश्न आमच्या दुकानातले आहेत, म्हणून मी बोलतो.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. जगभरची मोठी ग्रंथालयं अनेक दशकं अँग्लो-अमेरिकन नियमांवर चालली. ते 1967 साली आले आणि त्यांची दुसरी आवृत्ती 1978 ची. 2010 साली त्यांच्या जागी 'आरडीए' नावाची नवी संहिता आली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं 31 मार्च 2013 पासून ती लागू केली. पुढं तीही पुन्हा नव्यानं मांडली गेली आणि डिसेंबर 2020 मध्ये ते नवं रूप अधिकृत झालं. आपल्याकडे विद्यापीठं आणि महाविद्यालयं यांच्यात यावर कार्यशाळा होतात, अभ्यासक्रमात धडे आहेत. आणि 1967 च्या ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणारी गावोगावची सार्वजनिक ग्रंथालयं? त्यांतली कितीतरी अजून दाखल नोंदवहीतून संगणकात उतरताहेत. म्हणजे मधल्या दोन-तीन पायऱ्या गाळून थेट गच्चीवर उडी मारायची तयारी चालली आहे.

नव्या नियमांत चांगलं काय, ते आधी सांगतो, नाहीतर म्हातारा नुसता कुरकुरतो असं व्हायचं. जुन्या नियमात लेखक तीनपेक्षा जास्त असले की पहिल्याचं नाव ठेवायचं आणि बाकीचे 'इत्यादी'त ढकलायचे. आता सगळी नावं देता येतात. प्रकाशनाचं ठिकाण कळलं नाही तर लॅटिन भाषेतली आद्याक्षरं लिहायची पद्धत होती. मंठा-परतूरच्या वाचकानं लॅटिन का शिकावी, हे मला कधी उमगलं नाही. नवा नियम म्हणतो, ठिकाण कळलं नाही, असं सरळ लिहा. हे सुधारणेचं काम आहे आणि ते झालंच पाहिजे.

आता गाभ्याकडे येऊ. नवी संहिता ग्रंथाच्या चार पातळ्या मानते: कृती, अभिव्यक्ती, प्रकाशित रूप आणि हातातली प्रत. आपण दासबोध घेऊ. समर्थांनी रचला तो दासबोध ही कृती. डोमगावच्या मठातली कल्याणस्वामींच्या हातची संहिता ही एक अभिव्यक्ती, त्याचा हिंदी अनुवाद ही दुसरी. धुळ्याच्या शंकरराव देवांनी छापली ती आवृत्ती हे प्रकाशित रूप. आणि आपल्या कपाटातलं, पुठ्ठा सुटलेलं, कोणीतरी पेन्सिलीनं खुणा केलेलं पुस्तक ही प्रत. रंगनाथन यांनी ही गोष्ट कितीतरी आधी आपल्या शब्दांत मांडली होती: ग्रंथाचा आत्मा, सूक्ष्म शरीर आणि स्थूल शरीर. 'बघा, आमच्याकडे सगळं आधीच होतं' अशी आरोळी मी ठोकणार नाही. मला त्यातला फरक दाखवायचा आहे. रंगनाथन यांच्या मांडणीत आत्मा म्हणजे ग्रंथातला विचार. नव्या संहितेत कृतीला बहुधा एक कर्ता जोडलेला असतो, आणि तिची ओळख त्या कर्त्याच्या नावावर टेकलेली असते. कादंबरीला हे ठीक बसतं. संतवाङ्मयाला बसतंच असं नाही.

नामदेवांची गाथा बघा. तीत विष्णुदास नामा या नंतरच्या काळातल्या कवीचे अभंग मिसळले आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं. मग 'नामदेव गाथा' ही एक कृती आहे का? कोणाची? की तो अनेक कृतींचा संग्रह आहे? ज्ञानेश्वरीचं पाहा. एकनाथांनी 1584 च्या सुमारास तिची प्रत शुद्ध केली. पुढं राजवाड्यांनी वेगळी संहिता काढली. नियम म्हणेल, एकच कृती आणि तिच्या दोन अभिव्यक्ती. छान. पण गावच्या ग्रंथालयात पाच ज्ञानेश्वऱ्या असतील आणि पाचही नोंदींत फक्त 'ज्ञानेश्वरी – ज्ञानेश्वर' एवढंच असेल, तर ही चार मजली इमारत रिकामी उभी आहे असं समजा. कोणती संहिता, हे कोणीतरी प्रस्तावना उघडून वाचल्याशिवाय कळत नाही. ते काम नियम करत नाही, माणूस करतो.

आता आपल्या जिल्ह्यात या. घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ. इथं 1608 साली नारायण सूर्याजीपंत ठोसर जन्मले, तेच समर्थ रामदास. त्यांचे थोरले बंधू गंगाधरपंत. त्यांना श्रेष्ठ म्हणतात आणि रामीरामदास असंही म्हणतात. त्यांनीही 'भक्तिरहस्य', 'सुगमोपाय' असं लेखन केलं. एका घरातले दोन भाऊ, दोघांच्या नावात रामदास, दोघंही ग्रंथकार. शिवाय शिखांचे चौथे गुरू रामदास आहेत आणि केरळातल्या कान्हनगडचे स्वामी रामदास आहेत. आता संगणकात 'रामदास' टाकलं तर काय यावं? रामदास, समर्थ रामदास, रामदासस्वामी, श्रीसमर्थ ही सगळी एकाच माणसाची नावं आहेत आणि रामीरामदास हा दुसरा माणूस आहे, हे कोणीतरी एकदा ठरवून लिहून ठेवावं लागतं. ग्रंथालयशास्त्रात याला प्रमाण-नाम-नोंद म्हणता येईल. संहिता सांगते की अशी नोंद करा. ती कशी आणि कोणी करायची, हे तिनं तुमच्यावर सोडलंय.

आणि तुम्ही केली नाही तर? मग जी तयार आहे ती वापरली जाते. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं कार्यालय 1962 पासून दिल्लीत आहे. ते मराठी पुस्तकं घेतं, त्यांच्या नोंदी करतं, आणि काळजीपूर्वक करतं, हे कबूल केलं पाहिजे. पण त्या नोंदींचा कणा रोमन लिपीतला. त्यांच्या लिप्यंतराच्या पद्धतीत अकारान्त शब्दाच्या शेवटी 'ए' हे अक्षर लागतं, त्यामुळे सवय नसलेला माणूस रामदासाचं 'रामदासा' आणि केशवसुताचं 'केशवसुता' वाचतो. त्यांच्या कामासाठी ती पद्धत योग्य असेल. पण जांबच्या माणसाचं प्रमाण नाव जालन्याच्या ग्रंथालयानं वॉशिंग्टनहून रोमनमध्ये उतरवून घ्यायचं, आणि मग त्यावरून देवनागरी करायची? ही उलटी वरात झाली.

संतांचं सोडा, गेल्या शतकात या. चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' खानोलकर या नावावर आहे, 'जोगवा' आरती प्रभू या नावावर. आडनाव आधी, हा नियम यांत्रिकपणे लावला की 'प्रभू, आरती' होतं आणि टोपणनावाचे दोन तुकडे पडतात. आरती प्रभू हे एकसंध नाव आहे, 'प्रभू' हे त्या कवीचं आडनाव नव्हे. मालतीबाई बेडेकरांचं त्याहून अवघड. बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर, मालती बेडेकर अशी एकाच बाईची तीन नावं. 'कळ्यांचे निःश्वास' 1933 मध्ये विभावरी शिरूरकर या नावानं आलं आणि 'हे लिहिणारी कोण' यावरून महाराष्ट्रात गदारोळ झाला. ते नाव हा एक पडदा होता, आणि पडद्यामागून बोलणं हा त्या पुस्तकाच्या अर्थाचाच भाग होता. म्हणून सगळं 'बेडेकर'खाली ओढणं चूक. पण तिन्ही नावं तीन कपाटांत अनोळखी ठेवणंही चूक, कारण मग एका लेखिकेची सलग वाटचाल कुणाला दिसतच नाही. नवी संहिता दोन्ही साधू देते: नावं वेगळी ठेवा, त्यांच्यात दुवा द्या. हा दुवा मराठी वाचलेल्या माणसालाच देता येतो.

एका ठिकाणी मात्र माझा सरळ विरोध आहे. 2017 साली ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय संघानं, म्हणजे इफ्लानं, जो आराखडा मान्य केला, त्यात व्यक्ती म्हणजे प्रत्यक्ष होऊन गेलेला किंवा होऊन गेला असं सर्वसाधारणपणे मानलं जातं असा माणूस. देव आणि काल्पनिक पात्रं कर्त्याच्या जागी बसत नाहीत. कुणा विनोदी लेखकानं कुत्र्याच्या नावानं पुस्तक लिहिलं असेल तर हे ठीक. पण 'अवधूतगीता' घ्या, परंपरेनं ती दत्तात्रेयांची. व्यास घ्या. 'सर्वसाधारणपणे मानलं जातं' म्हणजे कोण मानतं? इतिहासकार, वारकरी की तालिकाकार? मी काही श्रद्धेची वकिली करत नाही. एवढंच म्हणतो की कॅटलॉगनं असल्या वादात न्यायाधीश होऊ नये. ग्रंथावर कर्ता म्हणून जे नाव छापलंय ते नोंदवावं आणि 'परंपरेनुसार' हा शब्द जोडावा. जुना कॅटलॉगकार निमूटपणे हेच करत असे.

याच्या उलट टोकाला जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी एक हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि बाईचं नाव, गाव यांच्यासह नोंदवल्या. आपल्या ग्रंथालयात लोकगीतांचं पुस्तक असलं की कार्डावर फक्त संपादकाचं नाव. इथं नव्या नियमांचा खरा उपयोग आहे: गाणारी, सांगणारी, संकलक, संपादक अशी प्रत्येकाची भूमिका स्वतंत्र लिहिता येते. पण ती भूमिका लिहायला कोणी थांबतं का?

कारण प्रत्यक्षात रूपांतर कसं होतं ते पाहा. दर नोंदीमागे अमुक पैसे असा ठेका. टायपिंग करणारी मुलं दिवसाला शेकड्यांनी नोंदी भरतात. पूर्वी एका फाँटमध्ये भरलेलं युनिकोडमध्ये आणताना अक्षरांचा काला होतो. आणि हा नवा नियम म्हणतो, मुखपृष्ठावर नव्हे, शीर्षकपानावर जसं दिसतं तसं उतरवा. म्हणजे 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची पुस्तकं 'गांव', 'कांहीं' अशीच उतरणार. शोधणारा मुलगा 'गाव' टाकतो, त्याला काही सापडत नाही, आणि 'सर, पुस्तक नाहीये' म्हणून तो परत जातो. पुस्तक तिसऱ्या कपाटात असतं. अनुक्रमाचंही तसंच. आपण वर्णमालेच्या शेवटी क्ष आणि ज्ञ म्हणतो, यंत्र 'क्षितिज' नेऊन क च्या रांगेत घालतं.

ग्रंथपालांवर मी यातलं काही ढकलत नाही. ज्यांच्या ग्रंथालयाची श्रेणी पुस्तकं किती, सभासद किती, वर्तमानपत्रं किती यांवर ठरते, त्यांनी नोंद नीट करण्यात आठवडा घालवावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची? शंकर गणेश दात्यांनी 1800 ते 1950 या दीडशे वर्षांच्या मराठी पुस्तकांची सूची केली, ती दोन मोठ्या खंडांत आहे. त्या सूचीतली नावं पायाला धरून एक मराठी प्रमाण-नाम-सूची तयार होऊ शकते, देवनागरीत, सर्वांना फुकट. फुकट हा शब्द मुद्दाम वापरला, कारण नवी संहिता वाचायलाच वर्गणी भरावी लागते. असली सूची जालन्यानं एकट्यानं करायची गरज नाही. पण जांब, अंबड, भोकरदनच्या लेखकांची पानं तरी इथूनच गेली पाहिजेत.

तोवर ज्यांच्याकडे ठेकेदार येणार आहे त्यांनी एक करावं. एक्सेलच्या कागदात आणखी दोन रकाने मागून घ्या: एक 'या नावाची इतर रूपं' आणि दुसरा 'आजच्या लेखनात शीर्षक'. आणि गावातल्या जुन्या ग्रंथपालाला, जो नोंदवही न उघडता पुस्तक काढून देतो, त्याला निवृत्त होण्याआधी ते रकाने भरायला बसवा. त्याचे पैसे वेगळे द्या.