गाण्याचा गुन्हा : ‘कोर्ट’ आणि गोंदियाचा खटला

सुव्यवस्था हा शब्द वरवर निरुपद्रवी आहे. रस्ते मोकळे असावेत, दुकाने वेळेवर उघडावीत, माणसाने रात्री निर्धास्त झोपावे, याला कोणाची हरकत असणार? परंतु ही सुव्यवस्था कोणाची आणि ती कोणाच्या जिवावर, असा प्रश्न विचारला की शब्दाचा निरुपद्रवीपणा गळून पडतो. १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याचे कलम ३७ मुळातून वाचून पाहावे. शस्त्रे, सोटे, स्फोटके, दगडांचा साठा यांना मनाई करण्याचा अधिकार हे कलम अधिकाऱ्यांना देते. त्याच यादीत, त्याच दमात, जाहीर घोषणा देणे, गाणी म्हणणे, वाद्ये वाजविणे, आवेशपूर्ण भाषणे करणे, सोंगे आणणे, चित्रे व फलक दाखविणे यांचीही नावे आहेत. सण, निवडणुका, मोर्चे जवळ आले की जिल्ह्याजिल्ह्यांत या कलमाखाली मनाई आदेश निघतात. आपण ते वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात पाहतो आणि पान उलटतो. ज्या समाजाचे वाङ्मय शतकानुशतके कागदावर नव्हे तर कंठात राहिले, त्या समाजाने तरी हे पान उलटू नये. या राज्याच्या कायद्याने गाण्याला सोट्याच्या शेजारी बसविले आहे.

आपली समीक्षा शाहिरीविषयी बोलते तेव्हा चाल, लय, रस, परंपरा यांविषयी भरभरून बोलते. कलमाविषयी क्वचितच बोलते. म्हणूनच चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या मराठी चित्रपटाकडे पुन्हा एकदा, आपल्या बाजूने पाहण्याची गरज आहे. २०१४ साली तो व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला, त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि एप्रिल २०१५ मध्ये तो चित्रपटगृहांत आला. त्याची स्तुती पुष्कळ झाली. परंतु ज्या वर्षी त्याचे कौतुक सुरू झाले, त्याच वर्षी गोंदियाच्या सत्र न्यायालयात एका खटल्याचा निकाल लागला होता. ही दोन कोर्टे शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत.

चित्रपटातील कथा मुंबईची, म्हणजे देशातील सर्वांत श्रीमंत शहराची आहे. नारायण कांबळे हा म्हातारा लोकशाहीर वस्तीत गातो. वासुदेव पवार नावाचा सफाई कामगार गटारात उतरून मरतो. शाहिराच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून पोलीस शाहिराला कार्यक्रम चालू असतानाच पकडतात. त्याच्याकडे बंदी घातलेली पुस्तके सापडली, हीही गुन्ह्याची खूण ठरते. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याचा हवाला दिला जातो. इंग्रजांनी आपल्या विरोधातील नाटके बंद पाडण्यासाठी केलेला हा कायदा स्वतंत्र भारताच्या कायद्याच्या पुस्तकात २०१८ पर्यंत होता. सरकारी वकील बाई इंग्रजी कलमे एका सुरात वाचत जातात आणि आरोपी उभा राहतो.

या चित्रपटाचे सामर्थ्य असे की त्यात खलनायक नाही. सरकारी वकील नूतन लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते. रोज तेच ते चेहरे पाहण्यापेक्षा वीस वर्षे ठोठावून मोकळे का होत नाहीत, असे ती सहकाऱ्यांशी सहज बोलते. त्या बोलण्यात द्वेष नाही, कंटाळा आहे. प्रस्थापित व्यवस्थेचे क्रौर्य आपण नेहमी लाठीत आणि गोळीत शोधतो. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मेले, ते क्रौर्य डोळ्यांना दिसले. परंतु कंटाळ्याचे क्रौर्य दिसत नाही. ते ‘पुढची तारीख’ या दोन शब्दांत मावते. शिक्षा निकालाने होत नाही, ती तारखेने होते, हे ‘कोर्ट’ने जितक्या थंडपणे दाखविले तितके क्वचितच कोणी दाखविले असेल.

मृताच्या पत्नीची साक्ष हा या चित्रपटाचा गाभा मानावा लागेल. नवऱ्याने आत्महत्येची भाषा कधी केली नव्हती. गटाराच्या वासामुळे तो पिऊन उतरत असे. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. आत दगड टाकून झुरळे बाहेर येतात का हे पाहून तो हवेचा अंदाज घेत असे. हे सारे ती कोरडेपणाने सांगते. येथे दोन कायदे समोरासमोर येतात. हाताने मैला उपसण्याच्या कामाला बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला, दुसरा २०१३ साली. गटारात मरणाऱ्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी सांगितले; २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. म्हणजे माणसे मरत राहिली आणि भरपाई वाढत गेली. समृद्ध शहरात गाणाऱ्याला पकडणारा कायदा तत्परतेने धावतो. कामगाराला गटारात उतरविणाऱ्याला पकडणारा कायदा वाटेतच बसून राहतो. शहराची सुव्यवस्था ती हीच. वकील त्या विधवेला पैसे देऊ करतो. ती पैसे घेत नाही, काम मागते. दयेला नकार देणारी ही बाई आपल्या साहित्याच्या ओळखीची आहे.

आता दोषाकडे वळू. कॅमेरा बचावाच्या वकिलाच्या घरी जातो, नूतनच्या घरी जातो, न्यायाधीशाच्या सहलीलाही जातो. शाहिराच्या घरी तो जात नाही. कांबळे मुलांना शिकविताना दिसतो, गाताना दिसतो, पिंजऱ्यात उभा दिसतो. तुरुंगातून सुटलेला माणूस रात्री काय जेवला, शेजाऱ्यांनी दार उघडले की लावून घेतले, हे आपल्याला कळत नाही. व्यवस्थेला शाहीर जेवढा दिसतो तेवढाच दिग्दर्शकाने दाखविला, असा याचा बचाव करता येईल. हा बचाव अर्धा खरा आहे. परंतु व्यवस्थेच्या डोळ्यांनी पाहण्याची शिस्त पाळता पाळता कलावंतही त्या डोळ्यांचा भागीदार होतो. न्यायाधीशाची डुलकी आपल्याला सविस्तर पाहायला मिळते, शाहिराची जाग मिळत नाही. आस्वादक समीक्षेला ही उणीव संयम वाटली. आंबेडकरी समीक्षेने तिला उणीवच म्हटले पाहिजे.

ही उणीव गोंदियाच्या खटल्याकडे पाहिले की अधिक जाणवते. गोंदिया हे धानाचे, राईस मिलचे, मुंबई-हावडा मार्गावरील व्यापाराचे शहर. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. १९५४ साली बाबासाहेबांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढविली आणि हरले, ती याच जुन्या भंडाऱ्यातून. जिल्ह्याच्या एका अंगाला बाजारपेठ आणि गिरण्या. दुसऱ्या अंगाला देवरी, सालेकसा यांचे जंगल, तेंदूपत्ता आणि नक्षलविरोधी मोहिमांचा बंदोबस्त. २ जानेवारी २०११ रोजी ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे यांना वर्धा येथे अटक झाली. ते आंबेडकरी साहित्य संमेलनाहून परतत होते. गोंदिया पोलिसांनी त्यांच्यावर राजद्रोह आणि बेकायदा हालचाली प्रतिबंधक कायद्याखाली आरोप ठेवले. मुंबईच्या घरातून पुस्तके जप्त झाली. हा माणूस रमाबाई नगर आणि खैरलांजी हत्याकांडांच्या विरोधातील लढ्यात उभा राहिलेला होता. खैरलांजी हे शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील गाव. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली आणि त्यानंतर उसळलेल्या आंदोलनामागे नक्षलवादी असावेत, असे सरकारी पातळीवरून बोलले गेले. मे २०१४ मध्ये गोंदियाच्या न्यायालयाने ढवळे यांना निर्दोष सोडले. चाळीस महिने गेले होते.

हे चाळीस महिने कोणत्या निकालात लिहिले आहेत? बेकायदा हालचाली कायद्यात २००८ साली घातलेल्या तरतुदीनुसार आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तरी जामीन नाकारावा लागतो. मग खटला हीच शिक्षा होते आणि निर्दोष सुटका हा तिच्या शेवटचा शिक्का. ६ जून २०१८ रोजी ढवळे यांना भीमा कोरेगाव प्रकरणात पुन्हा अटक झाली. असे खटले लढविणारे नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांनाही त्याच दिवशी पकडले. चित्रपटातील वकील निदान संध्याकाळी घरी जातो. साडेसहा वर्षांनी, ८ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ढवळे यांना जामीन दिला, तेव्हाही आरोपनिश्चिती झालेली नव्हती. ‘कोर्ट’मध्ये कांबळे जामिनावर सुटतो, पुन्हा गातो आणि पुन्हा, या वेळी याच कायद्याखाली, पकडला जातो. त्याला कोणी अतिशयोक्ती म्हटले असेल, तर वास्तवाने त्याला उत्तर दिले आहे. आणि कांबळेची भूमिका करणारे वीरा साथीदार हे नट नव्हते, नागपूरचे कार्यकर्ते होते. ‘विद्रोही’च्या संपादनाची जबाबदारी त्यांनीही वाहिली. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले. पडद्यावर त्यांचा चेहरा अभिनय करीत नाही असे जे रसिकांना वाटले, त्याचे कारण कलेत शोधून पुरणार नाही.

तारखेचा हा इतिहास नवा नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसऱ्यांदा जमलेल्या हजारो सत्याग्रहींपुढे दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम येऊन पडला. बाबासाहेबांनी पाणी घेण्याचा कार्यक्रम स्थगित केला, परंतु मिरवणूक काढली आणि मनुस्मृती जाळली. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. कायदा मोडायचा नाही आणि त्याच्यापुढे गप्पही बसायचे नाही, हा धडा महाडने दिला. तो विसरून कायद्याला केवळ शत्रू मानणारेही चुकतात, आणि राज्यघटना आपली आहे म्हणून प्रत्येक कलम आपलेच, असे मानणारेही चुकतात.

जुलै २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्याचा रोख कडव्या डाव्या संघटनांवर आहे, असे सांगितले गेले. परंतु सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका ही त्यातली व्याख्या कृतीपुरती थांबत नाही. बोललेले, लिहिलेले शब्द, खुणा आणि दृश्ये तिच्या कक्षेत येतात. १९५१ च्या यादीतले गाणे येथेही आहे, फक्त त्याचे नाव बदलले आहे.

तेव्हा आपल्या लेखकांकडून काय मागायचे? निकालाच्या दिवशीची कविता पुष्कळ झाली. त्या चाळीस महिन्यांतील घराची कादंबरी हवी आहे. तारखेला जाण्यासाठी बुडालेली रोजी, जप्तीनंतर रिकामे झालेले फडताळ, मुलाला शाळेत विचारला गेलेला प्रश्न, जामीनदार मिळविण्यासाठी घातलेले खेटे, हे सारे लिहिले गेले पाहिजे. ‘कोर्ट’ने कचेरीचे दार उघडून आतला कंटाळा दाखविला, हे त्याचे ऋण आहे. शाहिराच्या घराचे दार त्याने उघडले नाही. ते काम आंबेडकरी साहित्याचे आहे. आपण ते केले नाही, तर त्या घराची नोंद पंचनाम्यात तेवढी उरेल, आणि पंचनाम्यात पुस्तकांची संख्या असते, वाचणारा नसतो.